डावा स्पीकर पुटपुटतो

सोमवार, ४

नवा संगणक आला. मांडला. आवाज नाही.

खोक्यातून निघालेल्या हमीपत्रात शुद्धलेखनाच्या नऊ चुका आहेत. लाल पेनानं खुणा करून ठेवल्यात, दुकानातला माणूस आला की त्याच्या हातात देईन. 'दुरुस्ती' हा शब्द दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी लिहिलाय आणि दोन्ही चूक. हे लोक दुरुस्ती काय कपाळ करणार?

स्पीकर ह्यांच्या वेळचे आहेत. हे जाऊन चार वर्षं झाली, तेव्हापासून कपाटावर पडून होते, पण माल अस्सल, लाकडी खोक्यांचा. लाल दिवा लागतो. तोंडातून मात्र ब्र नाही.

हा सगळा खटाटोप बेबीमुळे. बेबी म्हणजे माझी नणंद. वय वर्षं छप्पन्न, पण ह्यांच्या घरातलं शेंडेफळ म्हणून बेबी ती बेबीच. लग्न केलं नाही, आमच्याकडेच राहिली. मी प्रुफं तपासते आणि ती वाचून दाखवते, असं सत्तावीस वर्षं चाललं. तिनं माझ्या डाव्या हाताला स्टुलावर बसून मूळ मजकूर मोठ्यानं वाचायचा, काना-मात्रा-विरामचिन्हांसकट: "पाणी, दुसरी वेलांटी, स्वल्पविराम." मी छापील कागदावर नजर ठेवून लाल पेन चालवायचं. उजव्या हाताला दिवा आणि पेनं, म्हणून ती डावीकडे.

दोन महिन्यांपूर्वी परिचारिकांच्या पुस्तकात 'आठ थेंब'च्या जागी 'साठ थेंब' छापून आलं. बाराशे प्रती. लेखिका डॉक्टरबाईंच्या वेळीच लक्षात आलं म्हणून कुणाच्या जिवावर बेतलं नाही. प्रत्येक प्रतीत शुद्धिपत्र चिकटवावं लागलं. मालकांनी, म्हणजे प्रकाशकांनी, आम्हा दोघींना बोलावून घेतलं. मी स्वच्छ सांगितलं: हिनं 'साठ' वाचलं, म्हणून मी 'साठ' ठेवलं. बेबी गप्प बसली होती. मालक म्हणाले, मग यापुढे त्यांनी वाचायला नको.

तेव्हापासून घरात आम्ही दोघी आणि मध्ये भिंत.

आता बेबीचं काम संगणक करील. डॉक्टरबाईंनी मजकूर टाइप करून दिलाय, तो यंत्र वाचून दाखवतं म्हणे. पुस्तकाचा दुसरा भाग २५ तारखेला द्यायचा आहे. मालकांनी निक्षून सांगितलंय, यात एक जरी चूक राहिली तर पुढचं काम दुसरीकडे जाईल. सत्तावीस वर्षांचं नाव पणाला लागलंय आणि यंत्राच्या तोंडाला कुलूप.

मंगळवार, ५

दुकानात फोन केला. दुकानदार म्हणाला, "मॅडम, मागे तीन भोकं आहेत. गुलाबी, निळं, हिरवं. हिरव्यात घातलंय ना?"

गुलाबीत घातलं होतं. मी तसं सांगितलं नाही. म्हटलं, "तुमचे रंग उडालेले आहेत." मग हिरव्यात घातलं. तरी आवाज नाहीच. म्हणजे हिरवं-गुलाबी हे सगळं वेळ मारून न्यायला.

बेबीनं आज दोडक्याची भाजी केली. मला दोडका आवडत नाही हे तिला सत्तावीस वर्षं माहीत आहे.

गुरुवार, ७

शेवटी दुकानाचा दुरुस्तीवाला उगवला. पन्नाशीचा, जाडा, चष्मा दोरीनं गळ्यात. एक स्क्रू काढला की तो तळहातावर ठेवून त्याच्याकडे बघत राहतो. मी मनातल्या मनात त्याचं नाव सावकाशराव ठेवलं.

दहा मिनिटं पडद्यावर काहीतरी चाळून तो म्हणाला, "संगणक बोलतोय मॅडम. पण पडद्याशी बोलतोय. ह्या पडद्याला तोंडच नाही." आवाज कुठं पाठवायचा याची एक यादी असते, तिच्यात पडद्याचं नाव निवडलेलं होतं. त्यानं तिथं स्पीकर निवडले आणि एक बाई बोलायला लागली: "प्रकरण नववे. जखमेची मलमपट्टी." मराठी बरं आहे तिचं. भाव मात्र काडीचा नाही. वेलांट्या सांगत नाही, स्वल्पविराम गिळते. चालेल. बेबी स्वल्पविराम सांगायची आणि वर तोंड वाकडं करायची.

पण बोलतो फक्त उजवा स्पीकर. डावा नुसता पुटपुटतो. मी सांगितलं तर सावकाशराव डाव्यावर हात ठेवून म्हणाला, "हा पण चालू आहे. थरथरतोय बघा."

"थरथरायला तो काय थंडीत उभा आहे?" मी म्हटलं. "मला बोलणारा हवाय."

दोनदा कान लावून ऐकलं त्यानं. "दोन्ही सारखे आहेत मॅडम. दोन दिवस ऐकून बघा." नाचता येईना अंगण वाकडं. नऊ चुकांचं हमीपत्र त्याच्या हातात ठेवलं. घडी करून त्यानं ते खिशात घातलं, वाचलंसुद्धा नाही.

शनिवार, ९

आज स्वतः शोध लावला. त्या दुकानातल्या सगळ्यांनी मिळूनही हे सुचलं नसतं. स्पीकरांची अदलाबदल केली: डावा उजवीकडे, उजवा डावीकडे. स्पीकर बिघडला असेल तर बिघाड त्याच्याबरोबर जायला हवा.

गेला नाही. काल पुटपुटणारा आज उजवीकडे खणखणीत बोलतोय, आणि काल खणखणीत होता तो डावीकडे जाऊन पुटपुटायला लागलाय. म्हणजे दोन्ही स्पीकर शाबूत. खोट डाव्या बाजूला आहे, म्हणजे संगणकात आहे. ह्यांचे स्पीकर ते, बिघडतीलच कसे!

हे दुकानदाराला फोनवर समजावून सांगितलं. तो म्हणाला, "तार बदलून बघा." मी म्हटलं, "तुम्ही दुकान बदलून बघा." तरी एक तार आणवली. फरक शून्य.

कामाचं काय? एकशे चाळीस पानांपैकी अकरा झाली.

बेबी फोनवर मोठ्या नणंदबाईंशी बोलत होती. "मला बसून खायचं नाही" एवढंच कानावर आलं. काम गेल्याचं तोंड वाजवून सगळ्या गोतावळ्यात सांगणार आता. काम गेलं ते कुणाच्या चुकीनं, ते नाही सांगणार.

सोमवार, ११

दुकानानं संगणक बदलून दिला. मी इतका घसा कोरडा केला, तेव्हा कुठे. नवा मांडला, आवाजाच्या यादीत स्पीकर निवडले (आता मी सावकाशरावाला शिकवीन), ऐकलं.

डावा स्पीकर पुटपुटतो.

तोच डबा नव्या खोक्यात भरून पाठवलाय. माझी खात्री आहे. दुकानदाराला तसं म्हटलं तर म्हणाला, "मॅडम, अंक तपासून घ्या, मशीनच्या पाठीवर आहे." अंक वेगळा आहे. अंक काय, चिकटवता येतो.

जिन्यात खालच्या मजल्यावरची बाई भेटली. म्हणाली, "काकू, तुमचं यंत्र थोडं हळू लावा ना. मलमपट्टीचं सगळं प्रकरण आमचं पाठ झालं." हिचं हे नेहमीचंच. मागच्या वर्षी बेबीच्या वाचनाबद्दल हीच तक्रार घेऊन आली होती, की ताई घशाच्या शिरा ताणून ओरडतात. तेव्हा मीच बेबीला आवाज कमी करायला लावला. झालं, तेव्हापासून तिनं पुटपुटायला जी सुरुवात केली ती आजपर्यंत. एक धड कधी जमलं नाही तिला: ओरडेल, नाहीतर पुटपुटेल.

बुधवार, १३

सकाळी गजर वाजलाच नाही. आठ वाजता जाग आली. मी सहाचा लावला होता. मी उजव्या कुशीवर झोपते, घड्याळ उशाशीच असतं, न ऐकायला मी काही मेले नव्हते. कुणीतरी बंद केला. घरात कुणीतरी म्हणजे कोण, हे सांगायला ज्योतिषी नको.

आणि मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला. स्पीकरसुद्धा!

बेबी माझ्या खोलीचा केर काढते. हे गेले तेव्हापासून ह्या स्पीकरांवर तिचाही जीव आहे, भावाचे म्हणून. आणि यंत्र चालू झालं तर हिची गरज संपली. दोन आणि दोन चार. सरळ स्वयंपाकघरात गेले आणि विचारलं. दोन महिन्यांत पहिलंच वाक्य.

"माझ्या संगणकाला हात लावतेस?"

ती शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "नाही."

"मग डावीकडचा का बोलत नाही?"

"दोन्ही बोलतात, वहिनी. मला इथं बसून ऐकू येतं. दुसरा भाग आतापर्यंत सगळा ऐकला मी." मग आणखी काहीतरी म्हणाली, शेंगांकडे बघत. मला 'कान' एवढाच शब्द लागला.

"माझे कान उपटणारी तू कोण गं?" मी म्हटलं.

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं प्रुफातल्या न लागणाऱ्या शब्दाकडे बघतात. मग ताट उचलून बाहेर गेली. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. खोलीला कुलूप लावायला सुरुवात केली आहे.

शुक्रवार, १५

पान बावन्न. खुर्ची आणखी उजवीकडे सरकवली, तेव्हा जरा वेग आला. तरी एका बाजूनं ऐकायचं म्हणजे मानेला कळ लागते.

मोठ्या नणंदबाईंचा फोन आला. बेबी त्यांच्याकडे राहायला जाणार आहे, २४ तारखेला, कायमची. मला हे फोनवर कळावं! मी म्हटलं, "खुशाल घेऊन जा." त्या म्हणाल्या, "वहिनी, भांडण काय आहे ते तरी सांग." मी म्हटलं, "ते तिला विचारा." त्या म्हणाल्या, "ती म्हणते, तुलाच विचारावं."

फोन ठेवल्यावर बराच वेळ पान बावन्नवरच होते. तिची खोली रिकामी झाली की तिथं प्रुफांचे गठ्ठे ठेवता येतील. हे मी मोठ्यानं म्हणून पाहिलं. बरं नाही वाटलं.

सोमवार, १८

सापडलं! यंत्रसुद्धा चुकीचं वाचतं.

पडद्यावर लिहिलंय, 'सकाळी सात वाजता'. डाव्या स्पीकरला कान लावला तर बाई वाचते, 'अकाळी आत वाजता'. पुढे 'शीर' आहे तर ती 'ईर' म्हणते. 'स' आणि 'श' तिच्या जिभेवरच नाहीत. मी पुन्हा पुन्हा लावून पाहिलं, मान डावीकडे ठेवून, उजवीकडे ठेवून. उजव्या स्पीकरकडे कान केला की लागतं, डाव्याकडे सगळा आनंदीआनंद.

आणि पहिल्या भागात हेच तर झालं होतं! आठचं साठ, साठचं आठ. बेबीला 'स' धड म्हणता येत नाही, यंत्रालाही येत नाही. मग चार चव्वल फेकून यंत्र आणण्यात मी कमावलं काय? सगळ्या जगाला एकदम काय धाड भरली आहे, 'स' म्हणायला?

सावकाशरावाला उद्या बोलावलंय. त्याला दाखवतेच. त्याच्या निरोपात 'नक्की येतो'मधला 'क्की' ऱ्हस्व होता.

मंगळवार, १९

लिहायला हात होत नाही, पण लिहिते.

सावकाशराव आला. मी ते वाक्य लावलं. "ऐका. आत म्हणते की नाही?"

"सात म्हणते, मॅडम."

"पुन्हा ऐका."

"सातच म्हणते." त्यानं उजवा स्पीकर बंद करून नुसता डावा लावला. माझ्या कानाशी कुणी पाण्याखालून बोलावं तसं आलं. तो म्हणाला, "सात. चोख."

मी त्याला बहिरा म्हणाले. तो चिडला नाही. त्याला चिडायलाही वेळ लागत असावा. त्यानं तळहातावरचा स्क्रू खाली ठेवला आणि म्हणाला, "तुम्हीच केलं होतं ना मॅडम, डावा-उजवा बदलून? बरोबर पद्धत होती ती. स्पीकर बदलले, तार बदलली, मशीन बदललं. एकच गोष्ट बदलायची राहिली. खुर्ची फिरवा."

"कशाला?"

"भिंतीकडे तोंड करून बसा."

मूर्खपणा सिद्ध करायला म्हणून बसले. टेबलाकडे पाठ. त्यानं पुन्हा नुसता डावा स्पीकर लावला. तो आता माझ्या उजव्या अंगाला होता.

"सकाळी सात वाजता."

स्वच्छ. 'स' अन् 'स' स्वच्छ. मग त्यानं दुसरा लावला, जो इतके दिवस खणखणीत होता तो. तो पुटपुटला.

स्पीकर जागच्या जागी होते. संगणक जागच्या जागी होता. फिरले होते मी.

सावकाशराव म्हणाला, "तुमचं म्हणणं खरं होतं मॅडम. डावीच बाजू खराब आहे." मी त्याला घराबाहेर काढलं. चहा टाकला होता त्याच्यासाठी, तोही ओतून दिला.

गुरुवार, २१

कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. त्यांनी कानाला भोंगे लावून बारीक शिट्ट्या ऐकवल्या. "ऐकू आली की बटण दाबा." उजवीकडे दाबत राहिले. डावीकडे वाट बघत राहिले. बराच वेळ झाल्यावर मी विचारलं, सुरू कधी करणार? ते म्हणाले, संपलं.

डावा कान सहा-सात वर्षांपासून हळूहळू जात असावा. आधी स, श, थ असे बारीक आवाज जातात, मग बाकीचे. म्हणाले, "शेजारी बसणारं माणूस मोठ्यानं बोलत असेल तर लक्षात येत नाही."

मी त्यांच्याशी वाद घातला. त्यांच्या अहवालातली एक वेलांटी चुकली होती, ती दाखवली. त्यांनी ती मुकाट्यानं दुरुस्त केली. बाकीचं सगळं बरोबर होतं.

घरी येताना रस्ताभर एकच हिशोब: ती 'आठ' म्हणाली होती. मला नुसतं 'आठ'सारखं काहीतरी ऐकू आलं, समोर कागदावर 'साठ' होतं, डोळ्यांनी कानाची भर घातली आणि मी पुढे गेले. मालकांसमोर शपथेवर सांगितल्यासारखं सांगितलं.

शुक्रवार, २२

मालकांना फोन केला. दोनदा लावला आणि ठेवला, तिसऱ्यांदा बोलले. म्हटलं, चूक माझी होती, बेबीची नव्हती, माझा कान गेलाय.

मी फोन ह्या कानाचा त्या कानाला करून पाहिला, उगाच. मग ते म्हणाले, "बरं झालं सांगितलंत. आम्हाला वाटलं होतं, तुम्ही त्याच दिवशी सांगाल."

"त्या दिवशी मलाच कुठे माहीत होतं?"

ते "बरं" म्हणाले. विश्वास बसलेल्या माणसाचा 'बरं' नव्हता तो. प्रुफं आहेत तशी पाठवून द्या म्हणाले, पुढचं ते बघतील. पानं एकशे सहापर्यंत झाली होती. गठ्ठा बांधला. सत्तावीस वर्षं गाठ बेबी मारायची. माझी सैल बसते.

बेबीला सांगायचं आहे. आज ती दिवसभर बाहेर होती. उद्या.

शनिवार, २३

सांगितलं नाही. चार वेळा तिच्या दारापर्यंत गेले. मला लाज वाटते आहे, आणि लाज वाटली की मला राग येतो, म्हणून तिच्यावर दोनदा ओरडले: एकदा नळावरून, एकदा कशावरूनच नाही.

रविवार, २४

ती सकाळी दहाच्या गाडीनं जाणार होती. नऊ वाजता तिच्या खोलीत गेले. दोन बॅगा भरलेल्या. पलंगावर बसून ती चष्मा पुसत होती. मी तिच्या डाव्या बाजूला जाऊन बसले, म्हणजे माझा धड कान तिच्याकडे येईल.

सगळं सांगितलं. कान, डॉक्टर, मालकांना केलेला फोन. "तू आठच वाचलं होतंस. मी चुकले. सगळ्यांसमोर तुझ्यावर ढकललं. माझं चुकलं, बेबी."

ती चष्मा पुसत राहिली. मग म्हणाली, "कान गेलाय हे मला तीन वर्षं माहीत आहे. म्हणून तर ओरडून वाचायचे. तुम्हीच हळू वाच म्हणालात."

"मग सांगायचं नाही का?"

"सांगितलं. तुम्ही म्हणालात, तू पुटपुटतेस."

तरी माझ्या जिभेला हाड नाही. मी म्हटलं, "ते असू दे. पण त्या दिवशी मालकांसमोर तरी बोलायचंस. मी एवढा आरोप करतेय आणि तू गप्प. मग मला वाटणारच ना, की कबूल आहे."

तिनं चष्मा घातला आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.

"गप्प नव्हते मी, वहिनी. तुमच्या शेजारीच बसले होते, नेहमीसारखी. दोनदा बोलले. 'वहिनी, मी आठ वाचलं होतं, असं नका ना सांगू.' चारचौघांत भांडण नको म्हणून हळू बोलले. मालकांनी ऐकलं, ते तुमच्याकडे बघत राहिले. तुम्ही मान वळवली नाही. बोलतच राहिलात."

मला तेव्हा मालकांचा तो 'बरं' कळला. त्यांनी तिला ऐकलं होतं आणि मला ऐकून न ऐकल्यासारखं करताना पाहिलं होतं. दोघांनीही दोन महिने मला जाणूनबुजून खोटं बोलणारी समजलं. आणि तसल्या खोटारडीसाठी बेबी एवढे दिवस स्वयंपाक करत होती.

"मला ऐकूच आलं नव्हतं गं," मी म्हटलं.

"हो," ती म्हणाली. "आता कळलं."

खाली रिक्षा येऊन थांबली. तिनं एक बॅग उचलली, दुसरी मी उचलली. दारात मी ती धरूनच ठेवली. म्हटलं, "नको जाऊस. थांब. मालकांकडे मी तुझ्यासाठी शब्द टाकते, हवं तर पाया पडते. इथंच राहा."

तिनं माझ्या हातातून बॅग सोडवून घेतली आणि "नाही" म्हणाली, अगदी हळू.

ते मला स्वच्छ ऐकू आलं.